सलाईनचं चाक

४ नोव्हेंबर, मंगळवार

एकशे आठ!

लॅबमधल्या मुलाने आकडा सांगितला तेव्हा मी म्हटलं, "एकशे अडतीस म्हणायचंय ना तुला?" तो म्हणाला, "सिस्टर, दोनदा लावलं मशीनला. एकशे आठच आहे." रक्तातलं सोडियम एकशे पस्तीसच्या वर हवं. एकशे वीसच्या खालचा पेशंट वॉर्डात आला की आम्ही सिस्टर लोक एकमेकींकडे बघतो. आणि ही बाई एकशे आठ घेऊन स्वतःच्या पायांनी गाडीत बसली, वर मला म्हणाली, "दार हळू लाव, नर्सबाई. गाडी तुझ्या माहेरची नाही."

सासूबाई. लग्न झाल्यापासून मी 'नर्सबाई'. नावाने हाक मारलेली एकदाही आठवत नाही.

दोन दिवस उलट्या होत होत्या. वयाप्रमाणे पोट बिघडलं असेल म्हणून आम्ही गप्प. आज सकाळी स्वतःच्या थोरल्या मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांनी विचारलं, "आपण कोणाकडे आलात?" तो हसला. त्याला चेष्टा वाटली. मला नाही वाटली. पोटच्या पोराला 'आपण' म्हणणारी ही बाई नव्हे!

आमच्याच हॉस्पिटलात आणलं. मी सर्जरीच्या वॉर्डात, त्यांना मेडिसिनच्या वॉर्डात खाट मिळाली. तिथल्या डॉक्टर मॅडमनी कारण शोधून काढलं. रक्तदाबाची नवी गोळी, लघवीतून मीठ बाहेर टाकणारी. त्यात फिरायला जाणाऱ्या मैत्रिणींनी सांगितलं, पाणी प्या, भरपूर प्या, सगळे रोग पळतात. मग ह्या बाटल्याच्या बाटल्या रिचवत होत्या आणि जेवण म्हणजे दोन घास. रक्त पातळ झालं, एवढंच. पोटॅशियमही खाली आहे.

नवरा म्हणाला, "मग मिठाचं सलाईन भरभर चढवून टाका की."

नाही! तेच तर करायचं नाही. मॅडमनी त्याला नीट सांगितलं. सोडियम हळूहळू उतरलं की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. मग ते एकदम वर आणलं तर मेंदूच्या आत इजा होते. बोलणं जातं, गिळणं जातं, हातपाय जातात. परत येतीलच असं नाही. दिवसाला सहा, फार तर आठ चढू द्यायचं. त्याने मान डोलावली. मान डोलावण्यात माझा नवरा हुशार आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय.

सकाळी एकशे अकरा, आता एकशे तेरा. अगदी हवं तसं. तीन टक्क्यांचं सलाईन, म्हणजे जास्त मिठाचं, मोठी बाटली, अगदी मुंगीच्या पावलांनी चाललंय. खरं तर हे औषध पंपावर हवं, पण पंप सगळे आयसीयूत अडकलेले. वॉर्डात नळीवरचं चाक, मनगटावरचं घड्याळ आणि सिस्टरचे डोळे. वॉर्डातल्या सिस्टरने थेंब मोजून चाक लावलं आणि त्यावर चिकटपट्टी मारली. शहाणी पोरगी. नातेवाईक चाकाला हात लावतात, हे आम्हा सगळ्याच जणींना माहीत असतं. बाटली संपली की सुट्टी, असा हिशेब असतो लोकांचा.

मी चाकाकडे वाकून बघत होते तर मागून इनचार्ज सिस्टर. "घरच्या पेशंटच्या सलाईनला हात लावायचा नाही. इथे तू सिस्टर नाहीस, सून आहेस." बरोबर आहे त्यांचं. मीही हेच म्हणते दुसऱ्यांना. तरी झोंबलं.

धाकटे दीर सकाळपासून बसलेत. त्यांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे चाक, नॉब, स्क्रू जे दिसेल ते फिरवायचं. घरी पंखा त्यांनी बिघडवला, गॅसचा नॉब त्यांनी सैल केला. आज माझ्यादेखत सलाईनच्या चाकाकडे बोट गेलंच! "वहिनी, हे जरा जामच दिसतंय." मी असा काही हात झटकला त्यांचा, की समोरच्या खाटेवरची आजीबाई उठून बसली. "भाऊजी, पुन्हा इकडे बोट नेलंत तर बोटालाच चिकटपट्टी लावीन." ते हसले. नवरा नाही हसला. त्याला शुक्रवारी कंपनीच्या कामाने बाहेरगावी जायचंय, मोठ्या साहेबांसमोर काहीतरी मांडायचंय. मला बाजूला घेऊन हळूच, "उद्यापर्यंत सुटेल का गं आई?" मी म्हटलं, "आई सुटतील तेव्हा सुटतील, मी बसची वेळ सांगणारी बाई नाही."

सासूबाई अर्धवट झोपेत. छताकडे बघून म्हणाल्या, "जाळी काढा." छत स्वच्छ आहे.

५ नोव्हेंबर, संध्याकाळ

बाटली रिकामी आहे. बाटली रिकामी आहे!

६ नोव्हेंबर, गुरुवार

काल एवढं लिहून वही मिटली.

ड्युटी संपवून मेडिसिनच्या वॉर्डात शिरले तर सासूबाई उशीला टेकून बसलेल्या! डोळे टक्क उघडे. "काय गं नर्सबाई, पाय मोडले होते का? केव्हाची वाट बघतेय." दोन्ही मुलगे शेजारी, दोघांच्या तोंडावर हसू. क्षणभर मलाही हसू आलं. मग वर बघितलं. पहाटेपर्यंत पुरायला हवी होती ती बाटली, तिच्यात तळाला जेमतेम घोटभर. चाक पूर्ण उघडं. चिकटपट्टी काढलेली, आणि काढून टाकूनही दिलेली नाही — स्टँडच्या दांडीला सरळ, नीट चिकटवून ठेवलेली!

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. इनचार्ज सिस्टर धावत आल्या, त्यांनी बाटली बंद केली. रक्त घेतलं. वॉर्डातली सिस्टर रडकुंडीला आली — "ताई, मी चहाच्या आधी मोजलं होतं. बरोबर होतं. मग चौदा नंबरला झटके आले, सगळ्या तिकडेच होतो." तिची चूक नाही. एका वेळी दोन खाटांशी कोण उभं राहणार?

एकशे चोवीस आलं.

लगेच म्हटलं, चुकलं असेल! सलाईन चालू होतं त्याच हातातून घेतलं असेल रक्त, नळीतलं मीठ मिसळलं असेल. आमच्या धंद्यातली ही जुनी खोड. आकडा नको असला की नमुन्यावर ढकलायचं. नवीन मुलींना मीच ओरडून सांगते, सलाईनचा हात सोडून रक्त घ्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे, कोऱ्या हातातून पुन्हा घेऊ." माझ्यासमोर घेतलं. पुन्हा एकशे चोवीस. शिवाय लघवी धो धो सुटलेली, नुसतं पाणी बाहेर जातंय, म्हणजे मीठ आपणहून अजून चढणार.

मग मॅडमनी जे सांगितलं ते कळायला मला वेळ लागला नाही, पण घरच्यांना कसं कळावं? सोडियम परत खाली आणायचं. साखरेचं सलाईन, म्हणजे शेवटी पाणीच, आणि लघवी रोखणारं एक इंजेक्शन. चढलेलं उतरवायचं!

"वेड लागलंय का?" धाकटे दीर. "आई आत्ता कुठे माणसात आली आणि तुम्ही तिला परत..."

"ती चांगली दिसतेय म्हणूनच भीती आहे," मॅडम म्हणाल्या. "इजा झाली असेल तर आज दिसणार नाही. दोन दिवसांनी, चार दिवसांनी, कधी आठवड्यानेही दिसते. आधी बोलणं जड होतं. घास अडकतो. तेवढ्यावर लक्ष ठेवा."

मग माझा तोल सुटला. बाहेर व्हरांड्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. "भाऊजी, सकाळी माझ्यादेखत बोट गेलं होतं तुमचं! बजावलं होतं मी!"

"वहिनी, आईची शपथ, मी नाही."

"आईची शपथ आईच्याच वॉर्डात घेताय? लाज वाटू द्या!"

"मी चहा आणायला खाली गेलो होतो..."

"चाक काय आपोआप फिरलं? भुताने फिरवलं?"

ते नवऱ्याकडे बघायला लागले. नवरा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. मग म्हणाला, "जाऊ दे आता. त्याला लहानपणापासून सवयच आहे. दिसेल ते फिरवायचं."

दिरांचा चेहरा असा झाला, की मारल्यावरही होणार नाही. "फोडा, माझ्याच डोक्यावर खापर फोडा," म्हणाले आणि जिना उतरून गेले. मला वाईट वाटलं नाही. अजिबात नाही. ज्याची चूक त्याने सोसावी.

नवऱ्याने बाहेरगावचं काम रद्द केलं. मी न सांगता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

एकशे सोळा. उतरलं. मॅडमना हवं होतं तसंच.

सासूबाई पुन्हा मंदावल्या. मंद आणि किरकिऱ्या. समोरची आजीबाई मला ऐकू जाईल अशा बेताने तिच्या मुलीला सांगत होती, "परवा चांगली बडबडत होती हो. सुनेने काहीतरी दुसरं लावायला लावलं." घ्या! सासू मरायला टेकली की सुनेच्या हातात विषाचा पेला दिसतोच लोकांना.

आता इथून पुन्हा वर जायचं, पण मोजून. आज पंप मिळाला. इनचार्ज सिस्टर स्वतः आयसीयूत जाऊन भांडून घेऊन आल्या. परवाच्या प्रकाराचा जाब त्यांना द्यावा लागलाय वरती. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

एकशे एकवीस. हातपाय हलतात. गिळतात. बोलणं — थोडं जड? की झोप? की माझे कान?

९ नोव्हेंबर, रविवार

सुट्टी. दिवसभर खाटेशेजारी.

एकशे सव्वीस. डोकं साफ झालंय. डोकं साफ म्हणजे तोंड सुरू. सकाळपासूनचा जमाखर्च असा — माझ्या वेणीला 'दोरखंड', मी आणलेल्या चहाला 'गरम पाण्यावर रंगाचा संशय', आणि मी चादर ओढली तेव्हा, "हात आहेत की फावडी?"

फावडी! स्पष्ट, खणखणीत. फ स्पष्ट, व स्पष्ट, ड तर असा आपटला की पलीकडच्या खाटेवर ऐकू गेला. मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पायांवरून हात फिरवला. त्यांनी पाय ओढून घेतला. "लाडीगोडी नको, काय हवंय ते सांग." पाय ओढला, तोही झटकन! हातपायांचीही तपासणी झाली.

इतकी वर्षं ही जीभ मला टोचत आली. किती वेळा देवाला म्हटलं असेन, एक दिवस हिला गप्प बसव. आणि आज त्याच देवाला सांगतेय, अरे ते मनावर घेऊ नकोस, रागात म्हणतो माणूस!

एकोणीसचा पाढा म्हणायला लावला. जीभ आणि डोकं, दोन्ही कळतं. "मी काय बालवाडीत बसलेय?" म्हणाल्या, पण म्हटला. एकोणीस, अडतीस, सत्तावन्न, शहात्तर, पंच्याण्णव... सत्तावन्नला जरा अडखळल्या? पुन्हा म्हणायला लावला. पुन्हा नाही अडखळल्या. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "तुझंच रक्त तपासून घे एकदा."

संध्याकाळी विचारलं, "धाकटा कुठाय?" नवरा पटकन म्हणाला, "दुकानात काम निघालंय गं." मीही मान डोलावली.

१० नोव्हेंबर, सोमवार

ठसका लागला.

दुपारी पाणी पिताना. साधं पाणी! डोळे पांढरे, खोकला थांबेना. मी माझ्या वॉर्डातून ड्रेसिंगचा ट्रे तसाच टाकून धावत आले, कारण नवऱ्याने फोनवर एवढंच सांगितलं — "आईला गिळता येत नाहीये." जिन्यात माझ्या डोक्यात सगळं सुरू. नाकातून नळी, पोटात नळी, कायमचं अंथरूण, ते डोळे उघडे आणि बाकी काही नाही. एक पेशंट बघितलाय मी तसा. डोळ्यांच्या पापण्यांनी हो-नाही सांगायचा.

मॅडम माझ्या आधी पोचल्या होत्या. चमच्याने एकेक घोट देऊन बघितलं. गळ्यावर बोट ठेवून. घोट गेला. दुसरा गेला. मऊ भाताचा घास गेला. जीभ बाहेर काढायला लावली, सरळ आली. मॅडम म्हणाल्या, "पिताना काय करत होतात?"

"बोलत होते."

"काय बोलत होतात?"

समोरच्या आजीबाईने चोंबडेपणा केला, "सुनेला बोलत होत्या, दुसरं काय!"

सगळे हसले. मी बाहेर येऊन जिन्यात बसले आणि हमसून हमसून रडले. नवरा शेजारी येऊन बसला. तोही रडला. मी त्याला इतका रडताना सासरे गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. म्हणत होता, "आईला काही झालं तर मी काय करू, मी काय करू." मी त्याचं डोकं खांद्यावर घेतलं. बिचारा! मान डोलावण्याखेरीज ह्याला काही येत नाही असं वाटायचं मला.

११ नोव्हेंबर, मंगळवार

एकशे एकतीस.

नवरा मॅडमच्या मागे लागला, "एमआरआय करून टाका ना, एकदाचं कळू दे." मॅडम म्हणाल्या, "आज स्वच्छ आला तरी त्याचा अर्थ काही नाही असा होत नाही. असली इजा फोटोत उशिरा उतरते. लक्षण दिसलं तर करू. तोवर माझा एमआरआय म्हणजे तुमची बायको." मला छाती फुगवावीशी वाटली, पण क्षणभरच. मशीन चुकलं तर कंपनीला बोलता येतं.

आज टोमणे कमी. मोजून चार. थकल्यात की काय?

१२ नोव्हेंबर, बुधवार

सोडलं! एकशे चौतीस. पोटॅशियम जागेवर. रक्तदाबाची ती गोळी बंद, दुसरी चालू. पाणी मोजून. आठवडाभर लक्ष ठेवायचं, बोलणं, गिळणं, चालणं. परवा पुन्हा रक्त.

निघताना इनचार्ज सिस्टरच्या पाया पडायला गेल्या सासूबाई. इनचार्ज सिस्टर मागे सरकल्या — "अहो, तुम्ही मोठ्या." तर म्हणाल्या, "वयाने मोठी आहे, पण तुम्ही हिला दमात ठेवता असं ऐकलं. मला इतक्या वर्षांत जमलं नाही."

खणखणीत. एकूणएक शब्द.

घरी आल्यावर पहिला प्रश्न, "धाकटा घ्यायला का आला नाही?"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

रजा घेतलीय. नवरा हातभार लावतोय, इतका की संशय यावा. भांडी घासली, आईच्या औषधांच्या वेळा भिंतीवर लिहिल्या, माझ्या चपला पुसून ठेवल्या. ह्या माणसाला काय झालंय? मरणाच्या दारातून आई परत आली की मुलं सुधारत असावीत. माझं मन भरून आलं, खोटं कशाला बोलू.

दिरांचा फोन नाही. जाऊबाईचा मात्र आला, दुसऱ्या नंबरवरून. "ताई, हे जेवत नाहीत नीट. म्हणतात, माझ्या आईला मीच मारायला निघालो होतो असं ठरवलंय सगळ्यांनी." मी म्हटलं, "एकदा कबूल करायला सांग त्यांना. माणूस चुकतो. मी काही फाशी देणार नाही." ती म्हणाली, "जे केलंच नाही ते कसं कबूल करतील?" बायको आहे, बाजू घेणारच.

सासूबाई चालल्या. स्वयंपाकघरापर्यंत, भिंतीला न धरता. डबे उघडून बघितले. "घर आहे की धर्मशाळा?"

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

रक्त दिलं सकाळी. एकशे छत्तीस! आता आकड्याची भीती संपली. आता फक्त बाकीचं.

नवरा बाजारात गेलेला असताना सासूबाईंनी पुन्हा विचारलं, "धाकटा." नुसतं एवढंच. खोटं बोलायचा कंटाळा आला होता. सांगून टाकलं सगळं. चाक, चिकटपट्टी, एकशे चोवीस, व्हरांड्यातलं भांडण. की तुमचे चिरंजीव शहाणपणा करायला गेले आणि तुमचा जीव जाता जाता राहिला. जीभ जाता जाता राहिली.

ऐकून घेतलं. काही बोलल्या नाहीत.

अर्धा दिवस झाला, काही बोलल्या नाहीत! भाजी खारट झाली होती, मला कळलं, त्यांना कळलंच असेल, तरी नाही बोलल्या. मी केस मोकळे सोडून घरभर फिरले. काही नाही. दहावा दिवस आहे. मॅडम म्हणाल्या होत्या, कधी कधी उशिराही...

समोर बसले. "आई, जीभ दाखवा." दाखवली. सरळ. "माझा हात दाबा." दाबला. जोर आहे. "पाढा म्हणा." माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हटला, पंच्याण्णवपर्यंत. बरोबर होता. पण हळू. असा हळू आवाज ह्या बाईचा मी कधी ऐकला नाही. डोळ्यांत पाणी होतं.

मॅडमना फोन केला. उद्या सकाळी आणा म्हणाल्या, बघू, वाटलं तर एमआरआय करू.

नवरा आल्यावर त्याला सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हॉस्पिटलात जायला म्हणून त्यांचे केस विंचरत होते. नवरा गाडी काढायला खाली गेला होता. दार लागल्याचा आवाज आला आणि सासूबाई म्हणाल्या, "एमआरआय नको. मला काही झालेलं नाही. विचार करत होते, सांगू की नको." मग म्हणाल्या, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस तू. चाक थोरल्याने फिरवलं. धाकटा चहाला गेला होता. थोरला उठला, चिकटपट्टी काढली, म्हणाला, 'आई, आता पटकन संपेल, उद्या घरी.' मी बघत होते. मला वाटलं, तूच सांगितलं असशील त्याला."

एकही अक्षर जड नव्हतं. 'संन्याशाला'सुद्धा नाही.

मी फणी हातात तशीच धरून दिरांना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला त्यांनी. "वहिनी? काय झालं? आईचं बोलणं गेलं का? वहिनी, बोला ना!" मी तोंड उघडलं, आणि शब्द फुटेना.